‘रायनो सीझन’ घरी चार माणसांना दाखवायचाय? मग आधी एवढं करा

गेल्या दीड-दोन वर्षांत हा सिनेमा मी आमच्या ठाण्यातल्या नौपाड्याच्या घरी तीन वेळा लोकांना दाखवला. पहिल्या वेळी पार फसला, दोघं अर्ध्यातच उठून गेले आणि एकजण सोफ्यावरच झोपला, दुसऱ्या वेळी जरा बरं झालं, तिसऱ्या वेळी मात्र सिनेमा संपला, नावं वर सरकून स्क्रीन काळी झाली, हॉलमधे सात माणसं बसलेली आणि लाईट लावायला कोणी उठेना. सिनेमा तोच, टीव्ही तोच, बसणारी माणसंही जवळपास तीच. बदलली होती ती तयारी. ती काय केली ते सगळं इथे लिहितेय, कारण मला मनापासून वाटतं की हा सिनेमा आपल्याकडच्या लोकांनी बघावा, आणि लोकलमधे मोबाईलवर तुकड्या-तुकड्यात न बघता चार माणसांत बसून एका दमात बघावा.

आधी सिनेमा कुठला ते. ‘रायनो सीझन’, २०१२ चा. फारसीत ‘फस्ले कर्गदन’ म्हणजे गेंड्यांचा ऋतू (फस्ल हा शब्द आपल्या ओळखीचाच, जुन्या महसुली कागदांवर फसली साल असतं ना, तोच). दिग्दर्शक बहमन घोबादी, इराणमधला कुर्द माणूस, २००९ मधे त्यानं देश सोडला आणि हा सिनेमा तुर्कस्तानात केला. सादेग कमांगर नावाच्या एका कुर्द कवीच्या आयुष्यावरून तो सुचलेला आहे, हा कवी सत्तावीस वर्षं तुरुंगात होता आणि घरच्यांना वाटत होतं तो गेला. सिनेमात कवीचं नाव साहेल, त्याची बायको मीना. मीना शहाच्या, म्हणजे इराणच्या तेव्हाच्या राजाच्या, फौजेतल्या कर्नलची मुलगी, आणि कर्नलच्या गाडीवर जो ड्रायव्हर आहे अकबर, त्याचा मीनावर जीव जडलेला. १९७९ ला क्रांती होते, वरचे खाली आणि खालचे वर होतात, अकबरच्या हातात सत्ता येते आणि कवी-बायको दोघंही आत जातात. साहेलला तीस वर्षं, मीनाला दहा. ती दहा वर्षांनी सुटते तेव्हा तिला सांगतात तुझा नवरा मेला, कबर दाखवतात. तो तीस वर्षांनी सुटतो आणि तिला शोधत इस्तंबूलला जातो. इथपर्यंतची गोष्ट लोकांना आधी सांगितली तरी चालते, उलट सांगाच, कारण सिनेमा काळात सारखा पुढे-मागे उड्या मारतो आणि हे माहीत नसेल तर माणूस पहिली वीस मिनिटं कोण कोणाचं कोण याच कोड्यात अडकतो. इस्तंबूलमधे काय होतं ते मात्र अजिबात सांगू नका.

माझी पहिल्या वेळची चूक हीच की मी इराणचं राजकारण समजावत बसले होते. शहा कोण, खोमेनी कोण, अमेरिकेनं काय केलं, युद्ध कधी झालं, असं पाऊण तास. लोक सिनेमा सुरू व्हायच्या आधीच दमले. हा सिनेमा राजकारणाचा आहेच पण त्यात भाषणं नाहीत, मोर्चे फार नाहीत, आहे ती वाट बघणं. एक माणूस आत वाट बघतोय, एक बाई बाहेर, आणि बाहेरच्या बाईला तर वाट बघायचंही कारण उरलेलं नाही कारण तिच्या लेखी तो मेलाय. हे एवढं जर बघणाऱ्याच्या मनात आधीपासून असेल तर बाकी सगळं तो स्वतः समजून घेतो. म्हणून खाली जे जे सांगतेय ते सगळं या एकाच गोष्टीसाठी आहे, की बघणाऱ्याला तो वेळ अंगावर जाणवला पाहिजे.

माणसं किती? सहा ते आठ. त्यापेक्षा जास्त झाली की मागची रांग कुजबुजते. सोसायटीच्या हॉलमधे सगळ्यांना बोलवून दाखवायचा मोह होतो, मलाही झाला होता, पण तसं जाहीर दाखवायचं तर सिनेमाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते, तिकीट लावा नाहीतर फुकट दाखवा. घरात आपल्या माणसांना बोलवून बघणं वेगळं. तर घरीच करा. आणि लहान मुलं नकोत, पंधरा-सोळाचीसुद्धा नकोत. तुरुंगात मीनावर जे होतं ते फार वाईट आहे, कॅमेरा त्यातलं बरंच दाखवतो. हे प्रत्येकाला बोलावतानाच फोनवर वेगळं सांगायचं, ग्रुपवर टाकून मोकळं व्हायचं नाही. ग्रुपवर टाकलं की ज्याला नको वाटतंय तो सगळ्यांसमोर नाही म्हणायला संकोचतो. माझ्या एका मैत्रिणीनं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली मला नाही जमणार गं, मी म्हटलं अगदी चालेल, पुढच्या महिन्यात दुसरा बघू तेव्हा ये. ती आली पुढच्या महिन्यात.

कॉपी. टेलिग्रामवर फिरणारी कॉपी घेऊ नका. दुसऱ्या वेळी एका ओळखीच्यानं पेनड्राइव्हवर आणून दिली होती, सबटायटल दहा-बारा सेकंद मागे, म्हणजे बाई बोलून खोलीतून निघून गेल्यावर तिचं वाक्य खाली उमटतंय, त्यात या सिनेमात बोलणं आधीच इतकं कमी की एक वाक्य चुकलं तर अर्धा तास चुकतो. भाड्यानं किंवा विकत कुठे मिळतोय ते बघा, नाहीतर डीव्हीडी मागवा, दोन आठवडे हातात ठेवा त्यासाठी. ज्या माणसाला आपल्याच देशात सिनेमा करता आला नाही त्याचा सिनेमा आपण चोरून बघायचा हे मला तरी पटत नाही. आणि कॉपी आली की एकदा एकट्यानं पूर्ण बघा, सबटायटल पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबर चालतायत ना ते बघा, फक्त सुरुवात बघून सोडू नका, बरेचदा मधेच घसरतात.

वार शनिवार, वेळ संध्याकाळी सात. रविवार टाळा, दुपारी मेगाब्लॉक असतो आणि वाशी-नेरूळहून ट्रान्सहार्बरनं येणारी माणसं एकतर उशिरा येतात नाहीतर परत जायच्या चिंतेत बसतात. जेवल्यानंतर तर मुळीच नको, सिनेमा संथ आहे, पोट भरलेलं असलं की डोळे मिटतात, पहिल्या वेळचे आमचे झोपलेले काका म्हणजे त्यांची काही चूक नव्हती, मीच पुरणपोळी वाढली होती. दहीहंडीचे आणि नवरात्राचे दिवस बघून घ्या, ठाण्यात त्या दिवसांत खिडक्या लावल्या तरी स्पीकर आत येतो. पाऊस मात्र चालतो. खरं तर जुलै-ऑगस्टमधे दाखवला तर जास्त भिडतो कारण या सिनेमात पाणी सतत आहे, पाऊस, समुद्र, ओल्या काचा, गाडीच्या टपावर पडणारे थेंब, आणि बाहेर आपला पाऊस लागलेला असला की आतला-बाहेरचा आवाज एक होतो. फक्त तुमच्या खिडकीवर पत्र्याची शेड असेल तर मग नको, धो धो पावसात त्या पत्र्याखाली काही ऐकू येत नाही. आणि इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो का ते आधी बघून ठेवा. लाईट गेली, पाच मिनिटं गप्पा सुरू झाल्या, की ती खोली परत त्या जागी आणता येत नाही.

टीव्हीचं सेटिंग हा भाग लोक सोडून देतात आणि तिथेच या सिनेमाचं निम्मं नुकसान होतं. याचं छायाचित्रण तुरज अस्लानीचं आहे, त्याला २०१२ च्या सान सेबास्तियान महोत्सवात त्याबद्दल बक्षीस मिळालं. सगळा रंग राखाडी, निळसर, मातकट. दुकानातून आणलेला टीव्ही भडक मोडवर असतो, त्यात हे सगळं गुलाबी-हिरवं दिसायला लागतं. पिक्चर मोडमधे जाऊन सिनेमा किंवा फिल्ममेकर असं काही लिहिलेलं असेल ते लावा, आणि हालचाल गुळगुळीत करणारं जे सेटिंग असतं, मोशन स्मूदिंग किंवा तशाच नावाचं, ते पूर्ण बंद करा, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा दिसतो. पडदे ओढा, ट्यूबलाईट बंद, देवघरातला दिवा राहू दे, त्यानं काही बिघडत नाही. टीव्हीसमोरच्या काचेच्या टीपॉयमधे स्क्रीन दिसत असेल तर त्यावर चादर टाका. आवाज नेहमीपेक्षा दोन-तीन आकडे जास्त, कारण बराच वेळ फक्त वारा आणि पाणीच ऐकायचंय. सबटायटलचा साईज मोठा करता येत असेल तर करा, आणि पांढऱ्याऐवजी पिवळा, राखाडी चित्रावर पांढरी अक्षरं विरघळून जातात.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते पान. एक साधं कागदाचं पान, मराठीत, मोठ्या टायपात, प्रत्येकाच्या हातात सिनेमाच्या आधी दहा मिनिटं. मी यात आता तीनच गोष्टी ठेवते.

पहिली गोष्ट माणसं. साहेल, मीना, अकबर, प्रत्येकाची एकेक ओळ. आणि ठळक अक्षरात हे, की तरुण साहेल एक नट करतो, जनेर जिंदोरुक, आणि म्हातारा साहेल दुसरा, बेहरूझ वोसूगी. मीना मात्र दोन्ही वयात मोनिका बेलुचीच आहे. हे न सांगितल्यामुळे पहिल्या वेळी आमच्याकडे सिनेमाभर ‘हा कोण आता नवीन’ चाललं होतं. वोसूगीबद्दल मी अजून दोन ओळी लिहिते कारण ते कळलं की त्याचा चेहरा वेगळा दिसायला लागतो. क्रांतीआधीच्या इराणमधला तो सगळ्यात मोठ्या स्टारांपैकी एक, आपल्याकडे सत्तरच्या दशकातल्या हिंदी हिरोंबद्दल लोक बोलतात तसं तिकडे त्याच्याबद्दल बोलायचे. क्रांती झाली तेव्हा तो देशाबाहेर होता, मग परत गेला नाही, अमेरिकेत राहिला. म्हणजे तीस वर्षं स्वतःच्या गावापासून तुटलेल्या माणसाची भूमिका स्वतःच्या गावापासून तीस वर्षं तुटलेला माणूस करतोय. सिनेमात तो जवळजवळ बोलतच नाही. गाडीत बसून लांबून बघत राहतो. ते बघणं अभिनयाच्या पलीकडचं वाटतं मला.

दुसरी गोष्ट वर्षं, आणि ती फक्त तीन. १९७९, जानेवारीत शहा देश सोडून गेला, एक फेब्रुवारीला क्रांतीचे नेते, धर्मगुरू खोमेनी परत आले, अकरा फेब्रुवारीला जुनी राजवट कोसळली. इतक्या कमी दिवसांत सगळं उलटलं हे कळलं की ड्रायव्हरच्या हातात कर्नलच्या मुलीचं नशीब कसं येतं ते वेगळं समजवावं लागत नाही. दुसरं १९८०, सप्टेंबरात इराकशी युद्ध सुरू झालं ते आठ वर्षं चाललं, आणि युद्ध चालू असलं की आतल्या माणसांबद्दल विचारणारं बाहेर कोणी उरत नाही. तिसरं १९८८, त्या उन्हाळ्यात इराणच्या तुरुंगांत हजारो राजकीय कैद्यांना फाशी दिलं गेलं, त्यातले बरेचजण आधीच शिक्षा भोगत होते, घरच्यांना मागाहून सामानाची पिशवी मिळाली, प्रेत नाही. तेहरानच्या कडेला खावरान म्हणून जागा आहे, तिथे अशा कितीतरी जणांना खुणेशिवाय पुरलंय, आया-बायका तिथे फुलं घेऊन जायच्या तर त्यांना अडवायचे. म्हणून सिनेमात मीनाला जेव्हा कबर दाखवतात तेव्हा ती विश्वास का ठेवते हा प्रश्न ज्याला पडतो, त्याच्यासाठी हे वर्ष पानावर पाहिजेच. त्या देशात त्या काळात नवरा मेला म्हणून सांगितलं तर खोटं मानायला काही कारणच नव्हतं.

तिसरी गोष्ट शब्द. ही कल्पना माझी नाही, माझ्या आत्याची. तिनं आयुष्यभर मोडी आणि जुनी कागदपत्रं वाचली, फारसी शब्द ऐकले की तिचे कान टवकारतात. दुसऱ्या वेळी सिनेमा बघताना ती मधेच म्हणाली अगं हे तर आपलेच शब्द बोलतायत. आणि खरंच, शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला तो कारभारातले फारसी शब्द काढून संस्कृत घालायला, तरी कागद, दरवाजा, शहर, आवाज, बाजार, कैद हे सगळे राहिलेच आपल्या तोंडात. तर पानावर सात-आठ शब्द द्या. कैद सगळ्यांना कळतो. जिंदान म्हणजे तुरुंग. बंद म्हणजे तुरुंगातला एकेक विभाग, तेहरानच्या एवीन तुरुंगातला ‘बंद २०९’ हा गुप्तचर खात्याच्या ताब्यातला म्हणून बदनाम आहे, आणि आपण दार बंद म्हणतो तो बंद फारसीतूनच आलेला. अस्ब म्हणजे घोडा, आपल्या अश्वाचा भाऊ. बारान म्हणजे पाऊस. शाएर म्हणजे कवी. आणि गोनाह. हा शब्द मी शेवटी ठेवते कारण यावर आमच्याकडे सिनेमानंतर सगळ्यात जास्त बोलणं झालं. आपल्याकडे गुन्हा म्हटलं की पोलीस स्टेशन, गुन्हा दाखल झाला, कलम लागलं. फारसीत गोनाह म्हणजे पाप. ज्या राज्यात पाप आणि गुन्हा एकच होतात तिथे कवितेच्या ओळीलासुद्धा शिक्षा बसू शकते, हे समजायला यापेक्षा सोपा रस्ता मला तरी सापडला नाही. आणि शब्दांवरून निघालंच तर, आपला तुरुंग हा शब्द पोर्तुगीजांकडून आलाय, त्रोंको वरून.

त्यावरून पुढची सूचना, ही ठाण्यातल्या लोकांसाठी. जमत असेल तर माणसांना सरळ घरी न बोलवता साडेपाचला ठाणे जेलच्या बाजूला भेटायला सांगा आणि तिथून चालत घरी या. तिसऱ्या वेळी आम्ही हे केलं. मी इथेच वाढले, त्या भिंतीवरून शेकडो वेळा रिक्षानं गेलेय, कोर्टाच्या कामाला, कलेक्टर ऑफिसला, आणि कधी मान वर करून बघितलं नव्हतं. तो मुळात किल्ला आहे, पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मधे मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना १८४८ मधे इथेच फाशी दिलं. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या खुनाच्या खटल्यातले अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० ला इथेच. कान्हेरे तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचे. आत अजूनही कैदी आहेत, चालू तुरुंग आहे, त्यामुळे तिथे घोळका करून उभं राहायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, नुसतं भिंतीच्या कडेनं चालायचं, जमलं तर न बोलता. भेटीच्या वेळेला आलेली माणसं बाहेर उभी असतात, हातात पिशवी, आधार कार्डाची झेरॉक्स. एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती, नाव पुकारायची वाट बघत. आमच्यातलं कोणी काही बोललं नाही तिच्याबद्दल पण सिनेमात मीना तशी उभी राहिली तेव्हा माझ्या शेजारच्या वहिनींनी माझा हात धरला. नवी मुंबईत राहत असाल तर खारघरला तळोजा कारागृह आहे, पण तिकडे असं चालत जाण्यासारखं नाही, सोडून द्या.

सिनेमा चालू असताना खाणं नाही. चिवड्याचा डबा, वेफर्सचं पाकीट, काही नाही. पाण्याच्या बाटल्या प्रत्येकाजवळ ठेवा. फोन एका टोपलीत, बाहेर पॅसेजमधे, म्हातारी माणसं घरी एकटी असतील त्यांनी आपला खिशात ठेवला तरी हरकत नाही. दीड तासाच्या आसपासचा सिनेमा आहे, मध्यंतर करायचं नाही, आधीच सगळ्यांना बाथरूमला जाऊन यायला सांगा. आणि तुम्ही स्वतः, ज्यांनी तो आधी बघितलाय, मधे एक अक्षर बोलायचं नाही. ‘आता बघ हां’ नाही, ‘हे लक्षात ठेव’ नाही. आकाशातून कासवं पडतात, गाडीच्या खिडकीतून घोडा मान आत घालतो, अशा जागी लोक तुमच्याकडे बघतात, अर्थ विचारायला. सांगू नका. कवीच्या डोक्यातलं आहे ते, इतकी वर्षं अंधारात बसलेल्या माणसाच्या डोक्यात प्रतिमा अशाच राहत असतील, प्रत्येकाला त्यात काय दिसतं ते दिसू दे. माझ्या आत्याला कासव म्हटल्यावर देवळातलं कासव आठवलं, देवासमोर जमिनीला चिकटून बसलेलं, कितीही लोक ओलांडून गेले तरी तिथेच. मी इतक्या वेळा सिनेमा बघून मला हे कधी सुचलं नव्हतं. मी आधीच काहीतरी सांगून टाकलं असतं तर तिलाही सुचलं नसतं.

ज्यांना इंग्रजी सबटायटल भराभर वाचता येत नाहीत त्यांचं काय, हा प्रश्न येतोच. आमच्या शेजारच्या मावशींना येत नाहीत. दुसऱ्या वेळी मी त्यांच्या कानात भाषांतर करत बसले, त्यांना ना धड सिनेमा दिसला ना धड ऐकू आलं आणि बाकीचेही वैतागले. तिसऱ्या वेळी नुसतं पान दिलं, आदल्या दिवशी त्यांच्याकडे बसून तोंडी गोष्ट सांगितली, कवितेच्या ओळी जिथे जिथे येतात तिथे साधारण काय म्हटलंय ते मराठीत सांगितलं, आणि सिनेमा चालू असताना गप्प बसले. त्यांना सगळं कळलं. बोलणं इतकं कमी आहे यात की चेहऱ्यांवरच चालतो सिनेमा.

संपल्यावर लगेच टीव्ही बंद करू नका आणि लाईटही लावू नका. नावं पूर्ण जाऊ द्या. मग तुम्ही उठा आणि चहा ठेवा. बिनदुधाचा, पातळ, बरोबर खडीसाखर. इराणमधे चहात साखर ढवळत नाहीत, खडा दातात धरतात आणि वरून चहा घेतात, आपण ज्याला इराणी चहा म्हणतो तो दुधाचा तो इथलाच. चहा करायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं लोकांना हवी असतात, तुम्ही खोलीत नसलात की ते एकमेकांकडे बघतात, कोणी डोळे पुसतं, कोणी खिडकीपाशी जातं.

चहा आल्यावर ‘कसा वाटला?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला छान, वेगळाच, स्लो होता जरा, यापलीकडे उत्तर येत नाही. मी हे विचारते: मीना सुटली तेव्हापासून साहेल सुटेपर्यंत मधे वीस वर्षं आहेत, त्या वीस वर्षांत तिचा एखादा साधा दिवस कसा गेला असेल? सकाळी उठून काय करत असेल? बस, एवढंच. सिनेमा ही वीस वर्षं फारशी दाखवत नाही, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःकडचं काहीतरी घालावं लागतं.

आमच्याकडे तिसऱ्या वेळी त्या प्रश्नावर बराच वेळ शांतता होती. मग खालच्या मजल्यावरचे काका बोलायला लागले, जे एरवी सोसायटीच्या मीटिंगमधे पाण्याच्या टाकीशिवाय बोलत नाहीत. त्यांचे वडील आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबून ठेवायच्या कायद्याखाली, आत होते, काका तेव्हा नऊ वर्षांचे. म्हणाले आई रोज संध्याकाळी वडिलांचं ताट घ्यायची. कोणी जेवणार नाही हे माहीत असून. मग ते ताट त्या दोघा भावांना वाटून द्यायची. पत्रं यायची त्यात ओळी काळ्या केलेल्या असायच्या आणि आई ते पत्र खिडकीपाशी उजेडात धरून त्या काळ्या ओळींखालचं वाचायचा प्रयत्न करायची. वडील १९७७ ला सुटून आले तेव्हा पहिल्या दिवशी ताट घेतलं गेलं पण आईला त्यांच्यासमोर बसवेना, ती आत ओट्यापाशी उभी राहिली. काका म्हणाले एवढ्या वर्षांत मी हे कोणाला सांगितलं नव्हतं, माझ्या मुलांनाही नाही.

असं काही निघालं तर एक पथ्य पाळा. खोलीत वेगवेगळ्या पक्षांची माणसं असणार, आणीबाणी म्हटलं की कोणीतरी तेव्हाचं, कोणीतरी आत्ताचं काढणार आणि दोन मिनिटांत टीव्हीवरच्या चर्चेसारखं व्हायला लागतं. यजमान म्हणून ते तुम्हीच वळवायचं. मी सरळ म्हणते, ते आपण उद्या भांडू, आत्ता काकांना बोलू द्या. कोणाला राग आला नाही अजून. तीस वर्षं आत असलेला कवी असो की एकोणीस-वीस महिने आत असलेले काकांचे वडील, शिक्षा लांबीला वेगळी, देश वेगळा, आणि मी दोन्हीची बरोबरी करत नाहीये, आपल्याकडे माणसं घरी परत आली, खावरानमधली नाही आली. पण ताट वाढून बसलेली बाई दोन्हीकडे आहे, आणि त्या संध्याकाळी खोलीतल्या प्रत्येकाला ती दिसत होती.

कोणीतरी हमखास विचारतं की हे सगळं जुनं ना, आता कुठे असं आहे. त्यासाठी एक उत्तर तयार ठेवा. नर्गिस मोहम्मदी, इराणमधे मानवी हक्कांसाठी लढणारी बाई. २०२३ चं शांततेचं नोबेल तिला मिळालं तेव्हा ती एवीन तुरुंगातच होती, डिसेंबरात ऑस्लोला तिच्या जुळ्या मुलांनी, अली आणि कियाना, ते घेतलं. मुलं पॅरिसला वडिलांजवळ, आई आत, कित्येक वर्षांत त्यांनी तिला प्रत्यक्ष बघितलेलं नव्हतं. मंचावर तिच्यासाठी एक खुर्ची रिकामी ठेवली होती. तिचा नवरा तगी रहमानी, त्यानंही स्वतः आयुष्यातली बरीच वर्षं इराणच्या तुरुंगात काढलेली. मी त्या समारंभाचा फोटो प्रिंट करून ठेवलाय, बोलत बसत नाही, नुसता हातात देते.

पुढचा सिनेमा कुठला लावायचा? लगेच पुढच्या आठवड्यात याच विषयावरचा लावू नका, मधे एक महिना जाऊ द्या, एखादा हलका मराठी बघा. मग जाफर पनाही या इराणी दिग्दर्शकाचा ‘इट वॉज जस्ट अॅन अॅक्सिडेंट’ घ्या, २०२५ ला कान चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोच्च पाम दोर मिळालं, तुरुंगातून सुटलेली माणसं आणि त्यांची चौकशी करणारा माणूस यांची गोष्ट आहे, आणि पनाही स्वतः २०२२-२३ मधे एवीनमधे राहून आलेला आहे. त्यात बोलणं भरपूर आहे, त्यामुळे सबटायटलची तयारी जास्त लागेल, मावशींसाठी आदल्या दिवशीचा एक तास कमी पडेल, दोन दिवस आधीपासून बसावं लागेल.

पानं मात्र लोकांकडून परत मागू नका. आमच्या मावशींनी ते पान घडी करून पोथीत ठेवलंय, मागच्या आठवड्यात गेले तर काढून मला विचारत होत्या, बारान म्हणजे पाऊसच ना गं?